कंत्राटदार जोतीराव

आपल्या समाजाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी महात्मा जोतीराव फुले यांच्यावर चार पाने लिहून द्यावीत, अशी मंडळाच्या चिटणिसांनी आज्ञा केली तेव्हा प्रथम मी थोडा संकोचलो. दरवर्षी ११ एप्रिलला आपल्या बाळापुरात जयंती होते, वक्ते येतात, आणि मुलींची शाळा, सत्यशोधक समाज, हौद खुला करणे या गोष्टी आपण सर्वांनी इतक्या वेळा ऐकल्या आहेत की शाळेतील मूलही त्या पाठ म्हणून दाखवील. तेच पुन्हा लिहून वाचकांचा वेळ का घ्यावा? परंतु विचार करता करता एक प्रश्न मनात आला. ज्या माणसाने आयुष्यात कधी सरकारी नोकरी केली नाही, ज्याच्यामागे जहागीर नव्हती, त्याचा प्रपंच आणि त्याची एवढी सार्वजनिक कामे कोणत्या पैशावर चालली? याचे उत्तर आपल्यापैकी पुष्कळांच्या रोजच्या व्यवहारातले आहे. जोतीराव बांधकामाचे कंत्राटदार होते. आपल्या मराठवाडी बोलीत सांगायचे तर ते गुत्तेदार होते. त्यांच्या चरित्राचा हाच भाग यंदा जरा विस्ताराने मांडावा असे ठरविले.

जन्माची व घराण्याची हकीकत थोडक्यात सांगतो. घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. सातारा जिल्ह्यातील कटगुण हे त्यांचे मूळ गाव. तेथून हे कुटुंब पुरंदराकडे खानवडीस आले व पुढे पुण्यास गेले. पेशव्यांच्या वाड्यात फुले, गजरे, फुलांच्या गाद्या पुरविण्याचे काम मिळाले, कामावर खूष होऊन पेशव्यांनी पस्तीस एकर जमीन इनाम दिली, आणि फुलांचा धंदा करणारे म्हणून लोक फुले म्हणू लागले. ती जमीन पुढे भाऊबंदकीत गेली व गोविंदरावांना स्वतःच्या मेहनतीवर मळा आणि दुकान उभे करावे लागले. जोतीरावांचा जन्म १८२७ चा. मूल वर्षाचे होण्याच्या सुमारासच आई चिमणाबाई वारल्या व सगुणाबाई क्षीरसागर या मावसबहिणीने त्यांना वाढविले. शाळेत घातलेले मूल लोकांच्या सांगण्यावरून मध्येच काढून मळ्यावर नेले गेले, आणि गफार बेग मुन्शी व लिजिट साहेब या शेजारच्या दोन सज्जनांनी गोविंदरावांची समजूत घातली म्हणून १८४१ मध्ये स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा दाखल झाले. मळ्याच्या वाफ्यात पाणी धरण्याचे आणि वर्गात हिशेब मांडण्याचे, असे दोन्ही शिक्षण त्या मुलाला एकाच वयात मिळाले, हे पुढील गोष्टींसाठी ध्यानात ठेवावे.

१८४८ साली भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली. पुढल्या वर्षी वडिलांचे घर सोडावे लागले. १८५२ च्या नोव्हेंबरात सरकारने विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते शाल देऊन सत्कार केला. हे सर्व आपणांस विदित आहे. त्या काळात जोतीराव मिशनच्या शाळेत काही तास शिकवून घर चालवीत होते. दोन माणसांचे पोट तेवढ्यावर कसेबसे भरले असेल, पण शाळा चालविणे, अनाथांना घरी ठेवणे, बालहत्या-प्रतिबंधक गृह (१८६३) उघडणे, हे त्यात बसणारे नव्हते. देणगीदारांचा हात कधी पुढे येतो, कधी मागे जातो. स्वतःच्या मिळकतीचा आधार असल्याखेरीज माणसाला ताठ मानेने बोलता येत नाही, ही गोष्ट जोतीरावांनी फार लवकर ओळखलेली दिसते.

त्या वेळी पुण्याच्या आसपास बांधकामाचा मोठा हंगाम सुरू झाला होता. १८५४ साली कंपनी सरकारने सार्वजनिक बांधकामाचे स्वतंत्र खाते काढले. निजामी मुलखात आपली जुनी माणसे ज्याला तामिरात म्हणत असत, तेच हे खाते. पुण्यात लोक त्याला सरळ इंजिनियर खाते म्हणत. त्याच वर्षी या खात्याला लागणारे हाताखालचे लोक तयार करण्यासाठी पुण्यात इंजिनियरिंगचा वर्ग निघाला व त्यातूनच पुढे तेथील प्रसिद्ध कॉलेज उभे राहिले. रस्ते, पूल, कचेऱ्या, छावणीतील बंगले, कालवे अशी कामे एकामागून एक निघत होती. त्यासाठी दगड, चुना, खडी, वाळू पुरविणारे व माणसे लावून काम उठविणारे कंत्राटदार हवे होते. मळेवाल्या घरातील जोतीराव या धंद्यात शिरले. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी या नावाच्या पेढीत ते भागीदार होते व तिचा कारभारही पाहत होते. धातू ओतण्याच्या साच्यांची विक्री, भाजीपाल्याचा व्यापार, आणि मांजरीच्या बाजूस शेती, असे जोडधंदेही होते. १८८२ मध्ये शिक्षणाच्या चौकशीसाठी आलेल्या हंटर कमिशनपुढे निवेदन देताना त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी लिहिली आहे. समाजसुधारक असा शब्द त्यांनी स्वतःस लावला नाही. धंद्याची त्यांना लाज नव्हती.

त्यांच्या कामांपैकी खडकवासल्याचे काम विशेष सांगण्यासारखे आहे. मुठा नदीवर कर्नल फाइफ यांच्या योजनेने दगडी धरण घालण्याचे काम १८७० च्या आसपास चालू झाले व ते पुरे व्हायला बरीच वर्षे लागली. या धरणासाठी माल पुरविण्याचे कंत्राट जोतीरावांकडे होते. आज आपण सिमेंटच्या गोण्या मोजतो. त्या काळी सिमेंटचा असा सर्रास वापर नव्हता. चुनखडी आणायची, भट्टीत भाजायची, विझवायची, वाळूबरोबर बैलाच्या घाणीत मळायची, आणि तो चुना त्याच दिवशी गवंड्याच्या हाती पोचवायचा. दगड खाणीतून सुरुंगाने फोडायचा, पाथरवटाकडून घडवायचा, गाडीने वाहायचा. एका दगडामागे चार जातींचे, चार गावांचे हात. कोठे एक हात थांबला की मागचे सगळे थांबतात, आणि थांबलेल्या दिवसाची मजुरी मात्र कंत्राटदाराच्या अंगावर येते.

येथे वाचकांच्या, विशेषतः ज्यांना यंदा घर बांधावयाचे आहे त्यांच्या, सोयीसाठी या धंद्याचे गणित थोडे उलगडून सांगतो, म्हणजे जोतीराव कोणत्या चिखलात उभे होते हे कळेल. कोणत्याही बांधकामाचे अंदाजपत्रक दोन पायांवर उभे असते: माप आणि दर. लांबी, रुंदी, उंची गुणून घनफूट काढावयाचे, शंभर घनफुटांचा एक ब्रास धरावयाचा, आणि ब्रासला जो दर ठरला असेल त्याने गुणावयाचे. खोदाई वेगळी, पायाचा दगड वेगळा, जोत्यावरची भिंत वेगळी. सगळ्याची बेरीज करून वर अचानक खर्चासाठी शेकडा पाच टक्के ठेवावयाचे, अशी सरकारी रीत. ऐकावयास हे फार सोपे आहे. लबाडी दराच्या रकान्यात क्वचितच असते, कारण दर चारचौघांना ठाऊक असतो. ती मापात असते. खडीच्या ढिगात पोकळी किती धरली, ढीग वर निमुळता असता चौकोनी मोजला काय, पाया कागदावर चार फूट आणि जमिनीत अडीच फूट आहे काय, हे बुजविल्यानंतर कोण पाहणार? वाळूचे तर असे आहे की थोडी ओलसर वाळू फुगते आणि कोरडीपेक्षा जवळजवळ पाव हिस्सा अधिक जागा व्यापते. पाणी मारलेली ट्रॉली विकणारा खोटे माप देत नाही, पण घेणाऱ्याच्या पदरात वाळू कमी पडते.

मापानंतर पैसे देण्याची वेळ. सरकारी कामात कंत्राटदार प्रथम स्वतःचे भांडवल घालतो. काम काही अंगाला आले म्हणजे खालचा कामगार येऊन मापे वहीत टिपतो, त्यावरून बिल होते, बिल वर जाते, वरच्या साहेबाची सही होते, थोडी रक्कम अनामत म्हणून अडकून राहते व उरलेली हाती पडते. (जुन्या मराठीत कामगार म्हणजे सरकारी अंमलदार, आजच्यासारखा मजूर नव्हे, जोतीरावांचे लिखाण वाचताना तरुणांनी हे ध्यानात घ्यावे, नाही तर अर्थ उलटा लागतो.) म्हणजे लेखणी ज्याच्या हाती, बिल त्याच्या हाती. तो आज मापे घेणार की पुढच्या महिन्यात, ढीग भरून मोजणार की दाबून, हे सर्व त्याच्या मर्जीवर. मजूर मात्र आठवड्याच्या बाजाराला पैसे मागतो आणि त्याला थांबता येत नाही. या दोन काळांमधील अंतर जो भरून काढू शकतो तोच कंत्राटदार टिकतो. न टिकणारे एक तर सावकाराकडे जातात किंवा मजुराचे बुडवितात.

जोतीरावांनी हे सारे आतून पाहिले होते आणि पाहिलेले गिळून ते गप्प बसले नाहीत. १८६९ साली ब्राह्मणांचे कसब या नावाने त्यांनी पोवाड्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात इंजिनियर खात्याच्या कारभाराचेही चित्र आहे. अक्षरशून्य मजुराला हजेरीत व मजुरीत कसे नाडले जाते, खालचे अंमलदार बिलात आपला वाटा कसा काढतात, आणि गोरा साहेब हाताखालच्यांवर विसंबून सही करून मोकळा कसा होतो, याचा त्यात बोभाटा केला आहे. त्या खात्यात लेखणी ज्या वर्गाच्या हाती होती त्याच्यावर त्यांचा रोख आहे व भाषा तिखट आहे, हे मान्य केले पाहिजे. आज सर्व जातींच्या हाती लेखणी आली असता मापाच्या वहीतील तो रोग मात्र बरा झाला आहे असे कोणी म्हणणार नाही, म्हणून जातीपेक्षा रीतीकडे पाहून तो पोवाडा वाचावा असे माझे मत आहे. मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळीच. त्याच खात्याची कंत्राटे ते घेत होते. ज्या हाताने बिल मंजूर व्हावयाचे त्याच हाताविरुद्ध छापून पुस्तक काढणे म्हणजे काय, हे ज्याचे बिल एकदा तरी अडकले असेल त्याला सांगावे लागणार नाही.

आता थोडी स्वतःची गोष्ट सांगतो. वाचकांनी आत्मस्तुती समजू नये, कारण तीत स्तुतीसारखे काहीच नाही. १९९६ साली मी बाळापुरात घर बांधावयास काढले. पंचवीस बाय तीस फुटांचे, तीन खोल्यांचे. एका मिस्त्रीने माझ्याच शाळेच्या वहीचे पान मागून घेतले व त्यावर सात ओळींत सारा अंदाज लिहून दिला. काम उक्ते ठरले. विसार दिला, पाठोपाठ उचल दिली, आणि माणूस गोडबोल्या असल्याने पावती मागावयास मला संकोच वाटला. त्या पानावर पाया तीन फूट लिहिला होता. आपली जमीन काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी. मुरूम लागेपर्यंत खाली गेल्याशिवाय भिंत उभी राहत नाही, हे आपल्या गावच्या कोणत्याही म्हाताऱ्याने सांगितले असते. मुरूम सहा फुटांवर लागला. बाहेरच्या व आतल्या भिंती मिळून दीडशे फूट लांबी, अडीच फूट रुंदी, आणि जादा खोली तीन फूट: एक हजार एकशे पंचवीस घनफूट, म्हणजे सव्वाअकरा ब्रास दगडकाम अंदाजात धरलेलेच नव्हते. सातवीच्या वर्गाला फळ्यावर घनफळ शिकविणाऱ्या मास्तराला हे गणित पायाभरणीच्या आधी सुचले नाही, खंदक खणून झाल्यावर सुचले.

मग व्हायचे तेच झाले. भिंती चौकटीच्या माथ्यापर्यंत आल्या आणि पैसा संपला. मिस्त्री दुसऱ्या गावी दुसऱ्या कामावर गेला. आम्ही तो पावसाळा पत्रे टाकून काढला. परंतु मला आजतागायत बोचते ते वेगळेच. श्रावणात एके दिवशी दोन बाया दाराशी आल्या. माझ्या घरावर त्यांनी पाटी वाहिली होती. अठरा दिवसांची मजुरी मिस्त्रीकडे राहिली होती. मी म्हणालो, माझे पैसे मी मिस्त्रीला पोचते केले आहेत. ते खरे होते. त्यांनी भांडण केले नाही. एक जण एवढेच म्हणाली की, मास्तर, विटा तुमच्या भिंतीत आहेत. माझ्या आईने आतून ऐकले होते. तिने मला आत बोलावून घेतले, आणि सोसायटीचे कर्ज काढून ते पैसे मी दुसऱ्यांदा दिले. ज्याला दिले त्याने पुढे दिले की नाही हे पाहण्याचे काम देणाऱ्याचे असते, हे मला त्या दिवशी कळले.

पुढे सेवेत असताना महात्मा फुल्यांच्या समग्र वाङ्मयाचा ग्रंथ शाळेत आला. तो वाचताना मजुराच्या हजेरीविषयीचा त्यांचा संताप मला पूर्वीप्रमाणे पुस्तकी वाटला नाही. आणि १८५५ साली जोतीराव व सावित्रीबाईंनी दिवसभर राबणाऱ्या मजुरांसाठी, शेतकऱ्यांसाठी स्वतःच्या घरी रात्रीची शाळा काढली, तिचाही अर्थ मला नव्याने लागला. ज्याला स्वतःच्या नावापुढच्या हजेरीच्या रेघा मोजता येतात त्याचा आठवडा सहसा पाच दिवसांचा होत नाही.

धंद्यामुळे जोतीरावांचा संबंध मुंबईतील तेलुगू भाषिक कंत्राटदारांशी जुळला. रामय्या व्यंकय्या अय्यावारू, व्यंकू बाळोजी काळेवार, नरसिंगराव सायबू वडनाला, जाया कराडी लिंगू ही त्यांतील ठळक नावे. ही मंडळी मुळात कष्टाच्या कामातून वर आलेली होती व मुंबई नगरी दगडादगडाने उभी राहत होती त्या काळात त्यांनी बांधकामात पैसा मिळविला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला, त्यास मुंबईतून जो आधार मिळाला तो बहुतांशी या वर्गाचा. त्यांच्यापैकी तिघांनी समाजाला बाराशे रुपये किमतीचा छापखाना घेऊन दिला. त्या काळचे बाराशे म्हणजे लहान रक्कम नव्हे.

खर्चाचा हिशेब करण्याची ही सवय जोतीरावांच्या सुधारणेतही उतरली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला सत्यशोधक पद्धतीने पहिला विवाह झाला, त्यात फुलांच्या माळा आणि पानसुपारी एवढाच काय तो खर्च. लग्नासाठी काढलेले कर्ज फेडता फेडता घराचे छप्पर गळत राहते, हे त्यांनी घरोघरी पाहिले होते. (आपल्या समाजातील लग्नांच्या मांडवांविषयी लिहिण्याचा मोह होतो, पण तो विषय मंडळाच्या सभेत निघेलच.) १८७७ च्या दुष्काळात धनकवडीस मुलांसाठी अन्नाची सोय केली, तेथेही पैसा कोठून कसा आणावयाचा व किती तोंडांना किती पुरेल याची आखणी त्यांनाच करावी लागली.

१८७६ पासून काही वर्षे ते पुणे म्युनिसिपालिटीचे सरकारनियुक्त सभासद होते. या सभासदत्वातील दोन प्रसंग आपल्या विषयाशी जुळणारे आहेत. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याची सूचना आली. सभासद सारेच सरकारने नेमलेले. विरोधात मत दिले ते एकट्या जोतीरावांनी. हजार रुपये गरिबांच्या शिक्षणाला लावावेत असे त्यांचे म्हणणे होते. दुसरा प्रसंग मंडईचा. भाजीबाजारासाठी मोठी दगडी इमारत बांधण्याचे ठरत होते. तिलाही जोतीरावांनी व त्यांचे स्नेही हरि रावजी चिपळूणकर यांनी विरोध केला. भाजी विकणारा माणूस उन्हात बसला आहे हे जोतीरावांना दिसत नव्हते असे नाही. ते स्वतः भाजीपाल्याचा व्यापार करीत. पण गावातील बहुसंख्य मुलांना शाळा नसता लाखो रुपये कमानी व मनोरे उभारण्यात घालणे त्यांना पटेना. स्वतः कंत्राटदार असलेला माणूस बांधकामाच्या विरोधात उभा राहतो, हे दृश्य त्या सभागृहात काहींना विचित्र वाटले असेल. बांधकामात कोठे किती मुरते हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक होते? इमारत व्हायची ती झालीच. १८८६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती उघडली गेली. पुढे आचार्य अत्रे त्या नगरपालिकेत असताना तिचे नामांतर झाले, आणि आज सारे पुणे तिला महात्मा फुले मंडई म्हणून ओळखते.

शेतकऱ्याचा असूड हा त्यांचा ग्रंथ १८८३ च्या सुमारास पुरा झाला. त्यातही हा बांधकामाचा जाणकार डोकावतो. शेतकऱ्याच्या घराचे त्यांनी केलेले वर्णन वाचावे: मातीच्या भिंती, गोठा, चूल, अंथरूण, गळके छप्पर, एकही वस्तू त्यांच्या नजरेतून सुटत नाही. माल मोजण्याची सवय असलेल्या माणसाचेच ते डोळे आहेत. डोंगरदऱ्यांतून लहान लहान ताली व बंधारे घालून पावसाचे पाणी जमिनीत मुरवावे, आणि हे काम सरकारने आपल्या रिकाम्या असलेल्या पलटणी व पोलीस यांच्याकडून करवून घ्यावे, असेही त्यांनी सुचविले. आपल्या कळमनुरी तालुक्यात पैनगंगेवर इसापूरचे धरण होत असताना मी शाळकरी मुलगा होतो. मातीच्या पाट्या वाहणाऱ्या माणसांच्या रांगा पाहिलेल्या आहेत. ते धरण १९८२ साली पुरे झाले. एवढ्या मोठ्या कामापेक्षा शेताच्या बांधावरची ताल स्वस्त पडते, हा जोतीरावांचा हिशेब शंभर वर्षांनंतर सरकारी योजनांच्या पुस्तिकांत आला.

पैसे देण्याची रीतही पुष्कळ पालटली आहे, हे कबूल केले पाहिजे. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत मैदानी भागातील घरकुलास १ लाख २० हजार रुपये ठरविण्यात आले, आणि ते एकदम न देता बांधकाम पुढे सरकेल तसे, जागेवरचे छायाचित्र घेऊन, हप्त्याने थेट घरमालकाच्या खात्यात टाकण्याची पद्धत घातली गेली. जेवढे काम तेवढे दाम, ही त्यातील कल्पना. उक्त्या कामात विसार म्हणून अर्धे पैसे आधीच देऊन बसणाऱ्या माझ्यासारख्यांना ती तेव्हा कोणी शिकविली असती तर बरे झाले असते. घरमालक आणि मिस्त्री यांच्यामधील हिशेब त्यामुळे थोडा उजेडात आला. मिस्त्री आणि पाटी वाहणारी बाई यांच्यामधला अजून तोंडीच चालतो.

११ मे १८८८ रोजी मुंबईस मांडवीच्या कोळीवाडा सभागृहात मोठा समारंभ होऊन रावबहादुर विठ्ठलराव वंडेकर यांच्या हस्ते जोतीरावांना महात्मा ही पदवी लोकांच्या वतीने अर्पण झाली. त्याच वर्षी पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू लुळी पडली. सार्वजनिक सत्यधर्म या शेवटच्या ग्रंथाचे लेखन त्यांनी डाव्या हाताने पुरे केले. धंदा त्या आधीच हातचा गेला होता. ज्या व्यवसायात त्यांच्या बरोबरीच्या लोकांनी मुंबईत इमले बांधले, त्यात वीस-पंचवीस वर्षे घालवून हा मनुष्य औषधाच्या खर्चाला महाग झाला. दत्तक पुत्र यशवंत यांचे वैद्यकीचे शिक्षण अजून चालू होते. मामा परमानंद यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना पत्र लिहून या कुटुंबाची स्थिती कळविली व मदतीची विनंती केली. मिळविलेला पैसा कोठे गेला हे विचारण्याचे कारण नाही. १८४८ पासूनच्या शाळा, रात्रीचे वर्ग, अनाथ मुले, ग्रंथांची छपाई, दुष्काळातील पंगती, या सर्वांची बिले त्यांनी स्वतःच चुकती केली होती, आणि ती मंजूर करणारे कोणी वर बसलेले नव्हते. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पहाटे त्यांचे देहावसान झाले. आपला देह जाळू नये, मिठात घालून पुरावा, अशी त्यांची मृत्युपत्रात नोंदविलेली इच्छा होती. घराच्या मागे त्यासाठी खड्डाही करविला होता. वस्तीत पुरण्यास परवानगी मिळाली नाही व दहन करावे लागले. अंत्ययात्रेत टिटवे सावित्रीबाईंनी हाती घेतले.

निवृत्तीनंतर आम्ही सहा शिक्षक मिळून पुण्यास गेलो असता गंज पेठेतील ते घर पाहिले. बैठे घर आहे. बाहेर पडवी, मध्ये लहानशा खोल्या, अंगणात आड. १८६८ साली अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला तो हौद याच घरचा. दारातून आत जाताना आमच्यातील उंच गृहस्थांना मान वाकवावी लागली. पुलांना व धरणांना दगड-चुना पुरविणाऱ्या कंत्राटदाराने स्वतःसाठी एक मजलाही चढविला नव्हता. मागच्या बाजूस तुळशीवृंदावन आहे, त्याखाली अस्थी ठेवलेल्या आहेत. आमच्याबरोबरच्या एका गृहस्थांनी, ते पूर्वी जिल्हा परिषदेच्या बांधकामावर होते, सवयीने भिंतीवर हात फिरवून पाहिला आणि जोते किती उंच आहे ते पावलाने मोजले.